कार्ने रंगाची बाई

ओरालिया कांतू कशी आहे असं आमच्या वेस्ट साइडला कुणालाही विचारा, एकच शब्द ऐकू येईल: हट्टी. "एक वेळ खेचर वळेल, पण माझी पोरगी नाही," असं तिचे वडीलच म्हणायचे, आणि म्हणताना छाती फुगायची त्यांची. पण त्या हट्टाचं मूळ कुठं आहे ते फार थोड्यांना ठाऊक आहे. ते आहे एका डुकरात.

हसू नका, सांगते.

तिचे वडील रेफुहियो, म्हणजे सगळ्या वस्तीचे कुको, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. बेकरी असो, न्हाव्याचं दुकान असो की गॅरेज, सान अंतोनियोच्या आमच्या मेक्सिकन भागात कुकोचा ब्रश फिरला नाही अशी भिंत शोधून सापडली नसती. रंग ते स्वतः कालवायचे आणि डब्यांवर नावं लिहायचे. आकाश, वीट, लिंबू. एका डब्यावर लिहिलेलं असे 'कार्ने'. आता कार्ने म्हणजे मांस, आणि कार्ने म्हणजेच माणसाचं अंग, कातडी. आमच्याकडे दोन्हीला एकच शब्द. भिंतीवर बाई काढायची तर कार्नेचा डबा उघडायचा, हा धंद्याचा नियम. आणि त्या डब्यात असायचा फिक्कट गुलाबी रंग. आमच्या अख्ख्या गल्लीत त्या रंगाचं एक माणूस दाखवा म्हटलं तर नुकतं जन्मलेलं पोरसुद्धा सापडलं नसतं.

एकोणीसशे पासष्टच्या उन्हाळ्यात म्हाताऱ्या साएन्सनं आपल्या मांसाच्या दुकानाची भिंत कुकोला दिली. समोर दारावर हसरं डुक्कर, गळ्यात बो बांधलेलं. आणि बाजूच्या लांब भिंतीवर जुन्या गोष्टीतली ती राजकन्या, ज्वालामुखीच्या पायथ्याशी योद्ध्याच्या हातांत बेशुद्ध पडलेली. ही राजकन्या आमच्या घराघरात असते. दर डिसेंबरला दुकानदार फुकट कॅलेंडर देतात, त्यावर तीच. वर्ष बदलतं, ती काही शुद्धीवर येत नाही.

त्या राजकन्येसाठी कुकोनं चौदा वर्षांच्या ओरालियाला झोपवलं. परसात रंगाची दोन पिंपं, त्यावर फळी, फळीवर ही आडवी, मान मागे टाकलेली. असे तीन शनिवार.

"हलू नकोस, प्रिएता." प्रिएता म्हणजे काळी. घरात तिला दुसऱ्या नावानं कुणी हाकच मारली नाही, आणि कुकोच्या तोंडी तो शब्द गुळासारखा गोड लागायचा.

"आपा, मी मेलेय का झोपलेय?" वडिलांना ती आपा म्हणायची.

"बेशुद्ध पडलीयेस."

"कशानं?"

"प्रेमानं. गप पड."

"प्रेमानं माझी मान आखडलीय."

कुको हसले, पण हात थांबला नाही. मोठ्या कागदावर त्यांनी तिचा चेहरा आणि खांदे काढले, रेघेवर टाचणीनं बारीक भोकं पाडली. असा कागद भिंतीला लावून वरून कोळशाच्या पुरचुंडीनं ठोकलं की रेघ भिंतीवर उमटते. ओरालियानं स्वतः पुरचुंडी ठोकली. स्वतःचं नाक, स्वतःची हनुवटी भिंतीवर उमटताना बघून पोरीला किती आनंद झाला असेल!

मग शाळेची सहल आली. चार दिवसांनी परतली तो रंग भरून झालेला.

"आपा, ही कोण?"

"तू."

"ही? ही तर गुलाबी आहे."

"भिंतीवर असंच असतं, पोरी. कार्ने."

ओरालिया मागे सरकली. ती कोपऱ्यावर आली, तिथून एका नजरेत दोन्ही भिंती दिसतात. इकडे राजकन्या, तिकडे डुक्कर. दोघांचा रंग एकच. एकाच डब्यातला. "मला बाजूला करून माझ्या जागी डुकराची बहीण निजवली," असं ती पुढं कित्येक वर्षं सांगायची, लोक हसायचे, तीही हसायची. पण त्या दिवशी ती घरी जाऊन आरशासमोर बसली होती आणि कोपरं लिंबानं घासत होती. कातडी सोलवटून निघेपर्यंत घासली. तेव्हा हसली नव्हती.

वस्तीला मात्र भिंत फार आवडली. 'झोपलेली' असं तिचं नावच पडलं. नवख्याला पत्ता सांगताना आम्ही म्हणायचो, झोपलेलीपासून डावीकडे वळा.

ओरालिया मोठी झाली, चित्रकला शिकली. शेतमजुरांच्या संपाची पोस्टरं छापणाऱ्या पोरांत सामील झाली. पोरं चांगली होती, पण त्यांच्या चित्रांत मुठी आवळायला पुरुष, आणि बाई असलीच तर पायाशी पडलेली, ब्लाउजची दोन बटणं सुटलेली. तिनं ते बोलून दाखवलं तेव्हा पुढारी म्हणाला, "बघू नंतर, आधी जरा कॉफी टाक." तिनं टाकली. मीठ घालून. पुन्हा तिला कुणी कॉफी सांगितली नाही.

आणि मग तेंचा मावशीचं प्रकरण झालं. तेंचा मावशी शाळेच्या खानावळीत चारशे पोरांचं जेवण करायची, आवाज असा की पलीकडच्या रस्त्यावरचा कुत्रा बसून घ्यायचा. गावाबाहेर सिनेमावाले आले, त्यांना 'मेक्सिकन बायका' हव्या होत्या. मावशी नटूनथटून गेली. तिला दिलं मोलकरणीचं काम, मालकिणीला म्हणायचा संवाद एकच: "हो, सेन्योरा." तो म्हणायच्या आधी तिथल्या बाईनं तिच्या तोंडाला तपकिरी रंग फासला.

"हे कशाला?" मावशीनं विचारलं.

"तुम्ही पुरेशा मेक्सिकन दिसत नाही."

"बाई गं, माझी आई बघ, माझी आजी बघ! अजून किती दिसू?"

घरी येऊन मावशीनं हे इतकं रंगवून सांगितलं की सगळे पोट धरून हसले. ओरालियानं मात्र हातातला काटा खाली ठेवला. भिंतीवर काढायचं तर गुलाबी करतात, सिनेमात घ्यायचं तर काळं फासतात. इकडे आड, तिकडे विहीर. आपण आहोत तशा कुणालाच नको?

त्यावर तिनं दोन वर्षं काम केलं. गल्लीतल्या बायकांची पुरुषभर उंचीची चित्रं काढली. शिवणकाम करणारी, नर्स, बस चालवणारी. आणि प्रत्येकीच्या पायाशी सिनेमातल्यासारख्या अक्षरांत तिला मिळाली असती ती भूमिका लिहिली. 'रडणारी आई.' 'गुत्त्यातली बाई.' तेंचा मावशी हातात झारा घेऊन महाराणीसारखी उभी, आणि खाली 'मोलकरीण क्रमांक दोन'. चर्चच्या हॉलमध्ये प्रदर्शन लागलं. बायका आल्या, हसल्या, मग हळूहळू गप्प झाल्या. एक जण नवऱ्याचा हात सोडून स्वतःच्या चित्रासमोर पाऊण तास उभी होती. पेपरवाल्यानं छापलं की चित्रकर्ती रागीट आहे.

"रागीट?" तेंचा मावशी उसळली. "रागीट काय असतं ते मी दाखवते त्याला. पत्ता दे."

पण ओरालियाला खरी टोचणी वेगळीच होती. शनिवारी ती चर्चमध्ये लहान मुलांना चित्रकला शिकवायची. तिथं मावशीची सहा वर्षांची नात बेलिया स्वतःचं चित्र काढत होती. डबीतले सगळे खडू उपसून म्हणाली, "कार्ने कुठाय?" आणि गुलाबी खडू उचलून तिनं आपलं गव्हापेक्षा सावळं तोंड रंगवलं.

"हा कार्ने आहे असं कुणी सांगितलं तुला?" ओरालियानं विचारलं.

"झोपलेली तशीच आहे ना!" बेलिया म्हणाली. बाईंना एवढंही कळत नाही, असा तिचा चेहरा.

हॉलमधल्या प्रदर्शनाला दोनशे माणसं आली होती. साएन्सच्या भिंतीसमोरून अख्खी वस्ती रोज जात होती, आणि तिच्या बापानंच रंगवलेली ती भिंत पोरींना शिकवत होती. त्या दिवशी ओरालियानं ठरवलं, ही भिंत बदलल्याशिवाय मी राहणार नाही.

संधी आली चौऱ्याऐंशी साली. भिंतीचे पोपडे निघाले होते. म्हातारा साएन्स जाऊन त्याचा मुलगा डोन चेमा गल्ल्यावर बसत होता. कुकोचा उजवा हात आता सतत थरथरायचा, कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा. म्हणून काम आपसूक लेकीकडे आलं.

डोन म्हणजे शेठ, आणि हा शेठ सगळं लिहून घेणारा माणूस. मांस गुंडाळायच्या कागदावर त्यानं लिहिलं: 'चित्र पहिल्यासारखं. बाई कार्ने रंगाची.' खाली दोघांच्या सह्या.

"आणि हे बघ, ओरालिया," तो म्हणाला, "तुझी ती हॉलमधली थेरं माझ्या भिंतीवर नकोत. गिऱ्हाईक तोडेल ते. कागदात लिहिलंय त्यापेक्षा वेगळं निघालं तर सोमवारी सकाळी पांढरा चुना फासेन. मग कुकोची भिंत गेली ती गेलीच."

घरी कुकोनं माळ्यावरून कागदाची गुंडाळी काढली. एकोणीस वर्षांचा कागद, पुढून कोळशानं काळवंडलेला, मागं त्यांच्या नेहमीच्या खरडी: मापं, पत्ते, टेलिफोनचे नंबर.

"हाच कागद वापरायचा," ते म्हणाले. "माझी रेघ बदलायची नाही. शब्द दे."

"आपा, तुम्हाला माहितीय मला काय वाटतं त्या चित्राबद्दल."

"माहितीय. शब्द दे."

आयुष्यभराची ती एकच भिंत कुको स्वतःची समजत होते. बाकीच्या पाट्या धंदा, ही भिंत त्यांची. ओरालियानं शब्द दिला, आणि देताच तिला वाटलं की आपणच आपले हात बांधून घेतले. चित्र तेच, रंग कार्ने, रेघ बापाची. मग करायचं काय, कपाळ?

तीन दिवस ती गॅरेजमध्ये कागद भिंतीला टोचून नुसती बघत बसली. आपलीच चौदा वर्षांची मान, मागे टाकलेली. चौथ्या सकाळी एका कोपऱ्याची टाचणी निसटली. कागद गर्रकन फिरला आणि दुसऱ्या टाचणीवर उभा लोंबकळत राहिला.

ओरालियाच्या हातातला कप तसाच राहिला. आडवी पोरगी उठून बसली होती. तेच नाक, तीच हनुवटी, रेघ न् रेघ तीच. फक्त आता ती छताकडे नाही, समोर बघत होती.

"अगं बाई!" ओरालिया एकटीच मोठ्यानं म्हणाली. "तू उठलीसुद्धा!"

पुढचा आठवडा ती ताडपत्रीमागं होती. कुणाला डोकावू दिलं नाही. फक्त दुकानात वरचेवर जायची आणि डोन चेमाच्या बायकोशी, डोन्या चोनिताशी, गप्पा मारायची. चोनिता बाह्या दुमडून दिवसभर मांस तोलायची. गप्पा मारता मारता ओरालिया रंग लावलेला एक पुठ्ठा तिच्या दंडाशी धरायची, मान हलवायची आणि परत जायची.

"काय गं, माझं माप घेतेस का?" चोनितानं विचारलं.

"माप नाही, रंग घेते."

"घे बाई. तेवढंच फुकट आहे या दुकानात."

रविवार उजाडला. आमच्याकडे रविवारी सकाळी कुणी चूल पेटवत नाही. रात्रभर वाफेवर शिजलेलं मांस, म्हणजे बार्बाकोआ, घ्यायला साएन्सच्या दाराशी रांग लागते, ती कोपरा वळून बाजूच्या भिंतीपर्यंत जाते. अख्खी वस्ती तिथं, हातात रिकामी भांडी. तेंचा मावशी नात बेलियाला आणि कुकोला घेऊन आली होती, कुकोला बसायला खुर्चीही आणली होती. आठ वाजता ओरालियानं ताडपत्री ओढली.

ज्वालामुखी तोच. योद्धा तोच, गुडघ्यावर बसलेला, हात पुढे केलेले. पण हात रिकामे. राजकन्या त्याच्या शेजारी ताठ बसली होती, एक पाय खाली टेकवलेला, उठायच्या बेतात. तिचे डोळे उघडे होते, आणि तिचं अंग तापलेल्या तव्यावर टॉर्टियाला जे डाग पडतात त्या रंगाचं होतं.

रांग पुढं सरकायची थांबली. मग तेंचा मावशीचा आवाज आला: "चला, त्या बिचाऱ्या माणसाचे हात तरी मोकळे झाले! एकोणीस वर्षं पेलत होता!"

हशा उसळला. तो ऐकून डोन चेमा एप्रन सावरत बाहेर आला आणि भिंत बघून लालबुंद झाला.

"हे काय आहे?"

"पहिल्यासारखं," ओरालिया म्हणाली. "आपाचाच कागद. मी फक्त उभा लावला."

"आणि हा रंग? कागदावर काय लिहिलंय? कार्ने! सही आहे तुझी!"

"कार्नेच आहे."

"हा कार्ने? हा?"

"डोन्या चोनिता," ओरालियानं हाक मारली, "जरा इकडे येता?"

चोनिता हातातला चाकू ठेवून बाहेर आली. ओरालियानं तिचा दंड धरून अलगद भिंतीला टेकवला. दंड कुठं संपतो आणि राजकन्या कुठं सुरू होते, ते दिसेना.

"आता सांगा, डोन चेमा. हे अंग नाही म्हणता?"

सगळी रांग त्याच्याकडे बघत होती. चोनिता तर फारच बघत होती.

"चेमा," चोनिता शांतपणे म्हणाली, "बोल की. माझं हे अंग नाही तर काय आहे?"

"तसं नाही म्हणत मी…"

"तुम्हाला तुमचा गुलाबी हवाय ना?" ओरालिया म्हणाली. "तो दारावर आहे. डुकराला मी हातसुद्धा लावलेला नाही."

आता तर लोक भांडी वाजवायला लागले. पण डोन चेमा साएन्स होता, एवढ्या लोकांत माघार घेणारा नव्हता. तो वळला आणि कुकोच्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला.

"कुको, भिंत तुझी होती. तूच सांग. ही तुझी राजकन्या आहे का? तू नाही म्हणालास तर उद्या सकाळी चुना. मग माझी बायको घर सोडून गेली तरी चालेल."

चोनिताचा दंड, मावशीची जीभ, सगळं ओरालियाच्या बाजूनं होतं. बाप कुणाच्या बाजूनं आहे ते तिला एकोणीस वर्षांत कळलं नव्हतं. आणि त्यांनी नाही म्हटलं असतं तर चुन्याचा डबा तिनं स्वतः आणून दिला असता, असं तिनंच मला नंतर सांगितलं.

कुको उठले. काठी टेकत भिंतीपाशी गेले. थरथरतं बोट त्यांनी राजकन्येच्या कपाळावर ठेवलं आणि नाकावरून, ओठांवरून, हनुवटीवरून खाली आणलं. फार हळू.

"रेघ माझी आहे," ते म्हणाले.

ओरालियानं श्वास सोडला.

"पण रंग चुकलाय."

"बघ!" डोन चेमा ओरडला. "मी काय म्हणत होतो!"

"तू गप रे. लाल जास्त झालाय." कुकोनं लेकीकडे बघितलं. "हा चोनिताचा रंग आहे. तुझा नाही. कागद कुठाय?"

कागद शिडीवर लटकत होता. ओरालियानं आणून दिला.

"उलटा कर. खाली, कोपऱ्यात."

टेलिफोनच्या नंबरांखाली पेन्सिलीनं, हात थरथरत नसे त्या काळातल्या अक्षरात, लिहिलेलं होतं: 'प्रिएता. पिवळी माती तीन, गेरू दोन, काळा अर्धा चमचा.' त्यावर आडवी काट मारलेली. आणि पुढे: 'साएन्स म्हणतो कार्ने.'

डोन चेमानं खांद्यावरून वाचलं. आपल्या बापाचं नाव वाचलं, आणि एप्रनला हात पुसत राहिला. शेवटी चोनितानं त्याला कोपरानं ढोसलं. "आत चल, लोक खोळंबलेत." आणि तो गेला. सोमवारी चुना आला नाही, पुढं कधीच आला नाही.

"सहलीला गेली होतीस तू," कुको म्हणाले. "दोन दिवस तोच रंग होता भिंतीवर. म्हाताऱ्यानं पुसायला लावला. म्हणाला, काळ्या पोरीकडून मांस कोण घेईल. आणि मी पुसला, पोरी. तुझी फी भरायची होती, पण ते काही कारण नव्हे. घाबरलो मी."

"मला का नाही सांगितलंत, आपा?"

"तू विचारलंस, ही कोण. मी म्हणालो, तू. दुसरं काय सांगणार होतो?"

ओरालिया तिथंच भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि सगळ्या रांगेसमोर हमसून हमसून रडली. तेहतीस वर्षांची बाई, पण चौदाची दिसत होती. बेलिया तिच्यासमोर उकिडवी बसून तिच्याकडे बघत होती, मग भिंतीकडे, मग परत तिच्याकडे.

"तू आहेस ती," पोरगी म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

कुकोनं पिवळ्या मातीचा डबा काठीनं पुढं सरकवला. ब्रश स्वतः उचलला, हाताकडे बघितलं, आणि तो लेकीपुढं धरला.

"चल, हाल आता, प्रिएता. ऊन चढलं की रंग लवकर वाळतो."